बावीस भाकऱ्या

शिडी लावली तरी वन्सं लगेच उतरल्या नाहीत. घरावरच्या सपाट मातीच्या धाब्याच्या कडेला उभ्या राहिल्या, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जणू हातांना ओला रंग लागलाय आणि तो कशाला पुसला जाऊ नये.

मी खालून म्हणाले, "या की."

"दांडी कशी धरू?" त्या म्हणाल्या.

मग मी वर चढले. चैत्र संपत आला होता, धाब्यावर पाय ठेववत नव्हता. कालच्या कुरडया धोतरावर पसरलेल्या, वाळून कडक झालेल्या. वन्संचे हात मी बघितले आणि नजर कुरडयांकडे वळवली. त्यांनी माझ्या खांद्यावर नुसतं कोपर टेकवलं आणि एकेक दांडी आम्ही दोघी खाली आलो.  वन्सं सैपाकघराच्या थंड भुईवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे."

तांब्या त्यांना धरता येईना. मी तोंडाला लावला.

मालन माझी नणंद. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तेव्हा बाविशीतली. आमचं घर कासाराचं, माण तालुक्यातलं. सासरे मागेच गेलेले. नवरा बांगड्यांच्या पेट्या घेऊन बाजार आणि जत्रा करायचा, सासू गावात घरोघर जाऊन बांगड्या भरायची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. वन्सं पंधरा वर्षांच्या असताना त्यांच्या बोटांवर पहिला पांढरा डाग उठला. मग मनगट, मग कोपरापर्यंत. कोड. लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या बापानं मला या घरात दिली नसती, आणि माझ्या बापाला शहाणा म्हणणारे शंभर जण निघाले असते.

त्या वर्षी आत्यांनी एका वैदूकडून बावचीचं तेल आणलं. डागावर तेल लावायचं आणि उन्हात बसायचं, मग कातडी काळा रंग धरते, असं त्यानं सांगितलं. पण ऊन सकाळचं, कोवळं. आणि वेळ किती? घरात घड्याळ नव्हतं. वैदू म्हणाला होता, "दोन भाकऱ्या थापून भाजून होतील एवढाच वेळ. वर नाही."

तेव्हापासून वन्संचं घड्याळ म्हणजे माझा तवा. त्या तेल लावून धाब्यावर बसायच्या, मी खाली भाकऱ्या टाकायची, दुसरी भाकरी टोपलीत पडली की हाक मारायची. तीन महिने असं चाललं. एका डागाच्या मधोमध मोहरीएवढे दोन काळे ठिपके आले. आत्यांनी ते ठिपके गल्लीतल्या बाया सोडून सगळ्या देवांना दाखवले.

आणि मग अकलूजकडून निरोप आला. आमच्यातलंच घर होतं, मुलगा बिजवर, पण धंदा चांगला. मुलगी बघायला येतो म्हणाले. नऊ दिवस राहिले होते.

त्या दिवशी आम्ही शिडीवरून उतरलो आणि आत्या गिरणीवरून आल्या त्या पिठानं पांढऱ्या झालेल्या. दळणाचा डबा खाली ठेवला, लेकीचे हात बघितले आणि डब्याचं झाकण हातात तसंच राहिलं.

"किती वेळ बसली ही?"

मी भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं ओढलं. 

पांढरे डाग होते ते आता भाजलेल्या विटेसारखे लालभडक होते. भोवतीची सावळी कातडी काळपट, ताणलेली, तेलानं चकाकत होती. लांबूनही त्यांची धग लागत होती.

"थांब," आत्या म्हणाल्या. "हळद आन् लिंबू आणते. आग मरंल."

"आई, नको."

"गप बस. मला कळतंय."

त्यांनी खरंच वाटीत हळद कालवली, वर अख्खं लिंबू पिळलं. वाटी घेऊन त्या वन्संसमोर बसल्या, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. दोन वर्षांच्या संसारात पाया पडणं सोडून सासूच्या अंगाला मी पहिल्यांदा हात लावला तो असा.

"आत्या, भाजल्यावर लिंबू लावत न्हाईत."

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. तुमच्या हाताला चुलीचा चटका बसला, तर लावाल का लिंबू?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी हात सोडला नाही. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, आणि मी तशीच पदर खोचून दवाखान्याच्या उपकेंद्राकडं पळाले.

तिथं पाटणे सिस्टर होत्या. कोकणातल्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. छत्री घेऊन माझ्याबरोबर आल्या. वन्संचे हात त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले आणि बराच वेळ बघितले.

"काय लावलं होतं?"

"बावचीचं तेल," आत्या म्हणाल्या.

"आणि उन्हात किती वेळ?"

"थोडाच."

सिस्टरनी चष्म्यावरून आत्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कोपऱ्यातल्या टोपलीकडं बघत होते. टोपलीवर फडकं होतं.

"या तेलानं कातडी उन्हाला कच्ची होते," त्या म्हणाल्या. "आणि पांढऱ्या डागाला उन्हापासून वाचवणारं काही नसतंच. आज लाल आहे, उद्या फोड येतील. आता मी सांगते तसं करायचं, नाहीतर मला बोलवायचं नाही."

आधी तेल पाण्यानं हळू उतरवायचं, घासायचं नाही. मऊ जुनं सुती कापड उकळून घ्यायचं, माठातल्या पाण्यात भिजवायचं, पिळायचं आणि हातावर नुसतं ठेवायचं. गरम झालं की बदलायचं. बर्फ नाही, हळद नाही, दंतमंजन नाही, तूप नाही. पाणी भरपूर प्यायचं. फोड आले तर फोडायचे नाहीत. कातडी सुटली तर ओढायची नाही. ताप आला किंवा फोडात पू धरला तर तडक दहिवडीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

"आणि ऊन?" वन्संनी विचारलं.

"ऊन बंद. बरं होईपर्यंत अंगणातसुद्धा नाही."

"नऊ दिसांनी पावणं यायचेत," आत्या म्हणाल्या.

"मग पाहुण्यांना सावलीत बसवा," सिस्टर म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

आत्यांच्या सासूचं एक लुगडं होतं, धुऊन धुऊन जाळी पडलेलं. आत्यांनी ते पेटीतून काढलं, नाकाला लावलं आणि माझ्यापुढं टाकलं. "फाड," म्हणाल्या. मी त्याच्या वीतभर पट्ट्या केल्या, उकळल्या, घरातच दोरीवर वाळवल्या.

त्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी पट्ट्या बदलत राहिले. पट्टी ठेवली की वन्संचे खांदे खाली यायचे. थोड्या वेळानं ती कोमट व्हायची, मग त्या बोटं हलवायच्या, म्हणजे दुसरी. 

दुसऱ्या दिवशी फोड आले. काही मटकीएवढे, मनगटावर एक जांभळाएवढा, आत पिवळसर पाणी. हातानं जेवता येईना म्हणून आत्या भरवायला बसल्या. बाविशीच्या पोरीला घास भरवताना आत्यांचं तोंड आपोआप उघडायचं, लहान लेकराला भरवताना उघडतं तसं.

"आई, घास बारीक कर. मी काय म्हस हाय?"

"म्हस बरी. वैरण टाकली की गप खाती, बोलत न्हाय."

"म्हशीला बघायला पावणं यीत न्हाईत."

"येत्यात की. दात मोजून नेत्यात."

वन्सं हसल्या. हसताना हात हलला आणि हसू अर्ध्यात मोडलं. आत्या उठल्या आणि न्हाणीकडं गेल्या. तिथं बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. आत आंघोळ कुणी करत नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा मला एकटीला म्हणाल्या, "मी काय तिची वैरीण हाय व्हय गं?"

मी म्हणाले, "न्हाय."

"मग तू अशी का बघतीस?"

मी कशी बघत होते ते मला ठाऊक नव्हतं. पण मी त्यांच्याकडं बघून दुसऱ्याच कुणालातरी बघत होते, एवढं खरं.

परसात कोरफड होती. तिसऱ्या दिवशी धग कमी झाल्यावर मी एक पान कापलं आणि गर तसाच थोडासा कोपराजवळ लावला. वन्संनी दात आवळले. चुरचुरलं. मी लगेच धुऊन टाकलं आणि सिस्टरना विचारून आले. त्या म्हणाल्या, कापलेलं पान उभं ठेव, पिवळा चीक पूर्ण गळू दे, मग सालं काढून गर धू, आणि आधी चांगल्या कातडीवर ठिपकाभर लावून बघ. फुटलेल्या फोडावर तर नकोच. तसं केलं. या खेपेला वन्सं म्हणाल्या, "आता गार वाटतंय." नऊ दिवसांत त्यांनी माझ्या कामाला दिलेली शाबासकी ती एवढीच.

फोड आपापले बसले. मनगटावरचा मोठा फुटला, तो पाण्यानं धुऊन पट्टीनं झाकला. सहाव्या दिवसापासून कातडी सुटायला लागली. आधी बोटांच्या कडेनं, लसणाच्या सालीसारखी पातळ. मग पंजावर मोठाले पापुद्रे. खाली गुलाबी, ओलसर, नवी कातडी. डाग कुठंही गेले नव्हते. तीन महिन्यांचे ते मोहरीएवढे दोन ठिपके मात्र पापुद्र्याबरोबर निघून गेले. ते आत्यांनी बघितलं.

सुटलेली कातडी खाजते. वन्सं दातानं ओढायला जायच्या.

"ओढू नका. सिस्टर काय म्हणाल्या?"

"लोंबतंय त्ये. पदराला अडकतंय."

"लोंबतंय तेवढंच कापायचं. बाकीचं आपलं आपण पडंल."

सातव्या दिवशी दुपारी आत्या बांगड्या भरायला गावात गेल्या होत्या. मी छोटी कात्री उकळून आणली, वन्संचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि कडेकडेनं लोंबणारं कापायला लागले. खोबरेल तेलाची वाटी शेजारी होती. कापून झालं की कोरड्या झालेल्या जागी बोटभर तेल, नुसतं टेकवायचं.

वन्संचा हात मी कधी हातात घेतला नव्हता. या नऊ दिवसांआधी कधीच नाही. मी खोटं सांगत नाही. दोन वर्षं त्या माझ्या शेजारी जेवल्या, पण पाण्याचा तांब्या द्यायचा झाला तर मी तो खाली ठेवायची आणि त्या उचलून घ्यायच्या. माझ्या हातातल्या बांगड्या आत्या भरायच्या. वन्सं घरात बसून डझनाच्या लडी बांधायच्या, रंग निवडायच्या, पण सात वर्षांत त्यांनी कुणाच्या हातात बांगडी चढवली नव्हती.

"आई म्हणती, दहा वर्षांची असताना माझा हात तिच्यापरास मऊ हुता," वन्सं एकाएकी म्हणाल्या. "बाया म्हणायच्या, पोरीकडनं भरू द्या. कळत सुदीक न्हाय कधी चढली."

"मग बंद कधी झालं?"

"म्हसवडच्या बाजारात. एका बाईला दोन बांगड्या भरून झाल्या हुत्या. तिसरी चढवताना तिनं माझी बोटं बघितली आन् हात वढून घेतला. बांगडी माझ्याच हातात वाढवली गेली."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. वाढवली म्हणतात.

"त्या दोन बांगड्या तिनं तिथंच काढून ठेवल्या," त्या म्हणाल्या. "नव्या, चांगल्या. आईनं त्या परत पेटीत टाकल्या न्हाईत. वढ्यात फेकल्या. तिलाबी वाटलं असंल काहीतरी."

मी कापत राहिले. अंगठ्याजवळचा पापुद्रा मोठा होता.

"वैनी."

"हं."

"त्या दिशी किती भाकऱ्या झाल्या?"

कात्री थांबली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"बावीस," मी म्हणाले.

"मी बी बावीसच मोजल्या. थापायचा आवाज धाब्यावर नीट येतो."

मी मान वर केली नाही. त्यांचा हात माझ्या मांडीवर तसाच होता. त्यांनी तो काढून घेतला नव्हता.

"शिडी कुणी काढली?"

"मी."

"आईनं सांगितलं म्हणून?"

"हो."

खरं होतं ते. त्या दिवशी दुपारच्या एसटीनं जत्रेत नवऱ्याला भाकऱ्यांचं गाठोडं पाठवायचं होतं. परातभर पीठ काढलेलं बघून आत्या म्हणाल्या होत्या, "दोन भाकऱ्यांत दोन ठिपकं आलं. नऊ दिसांत असं किती यायचं? आज समदी परात हुईस्तवर बसू दे. ती मधीच उतरून येती, शिडी काढून आडवी टाक." आणि दळण घेऊन गिरणीवर गेल्या. शिडी बांबूची, हलकी. मी एका हातानं काढली.

"आन् मी दोनदा हाक मारली ती?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. चूल पेटलेली, धूर, थापायचा आवाज. ऐकू आली नाही म्हणाले असते, तर त्यांनी मानलं नसतं, पण बोलल्याही नसत्या.

"ऐकली," मी म्हणाले. "पहिली नवव्या भाकरीला. दुसरी चौदाव्या."

"मग?"

"मग पंधरावी थापली."

आत्या घरात नव्हत्या. शिडी उचलून लावायला किती वेळ लागतो? मी सासूला भ्यायले होते, हे अर्धं. उरलेलं अर्धं कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगते. आमचं घर म्हणजे पुढं एक सोपा आणि आत एक सैपाकघर. नवरा आठवड्यातनं दोन दिवस घरी. सोप्यात सासू, आत आम्ही, आणि आमच्यात पडद्याच्या पलीकडं नणंद. मला ती त्या घरातून जायला हवी होती. बरी होऊन जावो, काळी होऊन जावो, कशीही. पावणे येतील आणि घेऊन जातील, म्हणून मी भाकऱ्या थापत राहिले. म्हसवडच्या बाजारातली ती बाई, हात ओढून घेणारी, तिला मी आजही शिव्या घालते. पण तिनं फक्त हात ओढला होता.

हे सगळं मी वन्संना तेव्हा बोलून दाखवलं नाही. "पंधरावी थापली" एवढंच म्हणाले. ते पुरलं.

वन्सं म्हणाल्या, "मलाबी वाटत हुतं गं. बसावं अजून थोडं. काळं झालं तर झालं. पदराखाली हात घ्यायला येत हुतं मला. दुसऱ्या हाकंपत्तोर घेतलं न्हाईत."

मी काही बोलायला गेले.

"कात्री नीट धर," त्या म्हणाल्या. "अंगठ्याचं ऱ्हायलंय."

नवव्या दिवशी सकाळीच आत्यांनी मेंदी भिजवली. हिरवीगार, दाट, वाडगाभर.

"कोपरापत्तोर लावू," म्हणाल्या. "नवरीचा हात रंगलेला असला तर कोण इचारतंय?"

"आत्या, कातडी अजून कच्ची हाय. जागोजाग सोललेली हाय. मेंदी झोंबंल, पुन्हा फोड येतील."

"मग उघडी दाखवू व्हय? चांगलं दिसंल?"

"लांब बाह्यांचं घालू दे. पदराखाली हात घेऊ दे. मेंदी नको."

वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मेंदी नको."

आत्यांनी वाडग्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि वाडगं उचलून परसात उलटं केलं. तो आवाज मला अजून आठवतो. कुणाचंतरी लग्न भुईवर पडल्यासारखा मऊ आवाज.

पावणे उन्हं कलायला लागल्यावर आले. मुलाची आई, गोरीपान, अंगानं भरलेली, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि मुलाचा मामा. मुलगा आला नव्हता. सोप्यात घोंगडी अंथरलेली, पाणी झालं, गूळ-शेंगा झाल्या. मामा जत्रांचं बोलत होता, कुठं दुकानाचं पाल चांगलं लागतं, कुठं पोलीस त्रास देतात. वन्सं पदरात हात झाकून बसल्या होत्या. चेहरा दिसायला देखणा, नाकडोळे आत्यांवर गेलेले. मुलाच्या आईला ती आवडली हे मला चहा देताना दिसलं.

आमच्या धंद्यातल्या लोकांची मुलगी बघायची एक रीत आहे. सैपाक येतो का, शिवण येतं का, असलं विचारत नाहीत. बांगड्या भरायला सांगतात. मुलीचा हात एकदा धरला की सासूला सगळं कळतं, असं म्हणतात.

"पोरी, पेटी आण," मुलाची आई म्हणाली. "मला दोन भर बघू."

"तिच्या हाताला भाजलंय," आत्या पटकन म्हणाल्या. "तव्यावर. परवाच."

"मग हळू भरंल. मला काय घाई हाय?"

तिनं आपला उजवा हात पुढं केला. वन्संनी आत्यांकडं बघितलं नाही. त्यांनी पेटी ओढली, झाकण उघडलं आणि पदर बाजूला केला.

हात उजेडात आले. गुलाबी नवी कातडी, त्यात पांढरे डाग, कडेला अजून चिकटलेले पापुद्रे. मुलाच्या आईचा हात वन्संच्या बोटांपासून चार बोटांवर होता. तो तिथं थांबला आणि मग मागं गेला. सावकाश, अपमान होऊ नये अशा बेतानं. तिनं त्या हातानं पदर सारखा केला, जणू त्यासाठीच तो मागं घेतला होता.

"तव्यावर भाजलंय न्हवं का," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"तव्यावर न्हाय," मी म्हणाले. "उन्हात. आणि पांढरं आहे ते भाजल्याचं न्हाय. कोड हाय. सात वर्षं झाली. ते धरल्यानं लागत न्हाय. मी नऊ दिवस धरतीय."

मामानं कप खाली ठेवला. आत्यांनी डोळे मिटले. वन्संनी पेटीतून काढलेली हिरवी बांगडी त्यांच्या चिमटीत तशीच होती, हवेत, कुणाच्या तरी हाताची वाट बघत. सात वर्षांपूर्वी म्हसवडच्या बाजारात ती अशीच राहिली असणार.

मी चहाचं ताट बाजूला ठेवलं आणि पावणीच्या आणि वन्संच्या मधे जाऊन बसले. हात पुढं केला.

"वन्सं, मला भरा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सातव्या दिवशी बघितलं नव्हतं ते आता बघितलं, सरळ, बराच वेळ. मग माझी बोटं एकत्र दाबली, अंगठा आत मुडपला आणि पहिली बांगडी चढवली. नव्या कातडीला दुखत असणार. तरी त्यांची बोटं थांबली नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी. कधी चढली कळलं नाही, हे बायांचं बोलणं खरं होतं. मुलाच्या आईसकट सगळे बघत होते, कारण कासाराच्या माणसाला चांगला हात दिसला की नजर काढता येत नाही. सहा या हातात, सहा त्या हातात. एकही वाढवली नाही.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाटलाची सून असली तरी कासारणीला वाकते. दोन बोटं पायाला, दोन बोटं कपाळाला, झालं.

मी कपाळच टेकवलं. वन्संच्या पावलांवर, आणि तिथंच ठेवलं. पावण्यांना वाटलं असेल, सून रीतीची आहे. आत्यांना काय वाटलं मला माहीत नाही. मला बोलायचं होतं ते त्या चार माणसांत बोलता येत नव्हतं, म्हणून मी उठतच नव्हते. मग डोक्यावर हात आला. अख्खा पंजा, सोललेला, खोबरेलाचा वास येणारा.

"सुखी ऱ्हावा," वन्सं म्हणाल्या. कासारीण म्हणते तसं, आवाज न बदलता. मग तशाच आवाजात म्हणाल्या, "आन् शिडी लावून ठेव. नऊ दिस झालं, कुरडया वरच हाईत. मी उतरवते."

"ऊन हाय अजून," आत्या म्हणाल्या.

"उतरू दे. मग जाते."

पावणे उठले. मुलाच्या आईनं कुंकू लावून घेतलं, आत्यांच्या हातून. "कळवतो," मामा म्हणाला. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं.

ते वळणाआड जाईपर्यंत आत्या दारात उभ्या राहिल्या. मी परसात गेले. आडवी पडलेली शिडी उचलली, भिंतीला लावली, आणि हलते का ते दोनदा बघितलं. मग वैरणीची दोरी घेतली आणि शिडी वरच्या खुंटीला घट्ट बांधून टाकली.